चहा सोडावा की चहाची वेळ बदलावी?

वाचकाचे पत्र

माझे वय ४७ आहे. दिवसाला सहा कप चहा होतो, तोही दूध आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालून, अगदी वाफाळता. पहाटे साडेपाचचा पहिला कप घर जागे होण्याआधी मी एकटी घेते; दिवसभरात निवांतपणा म्हणून जे काही वाट्याला येते ते तेवढेच. मग आठला न्याहारीबरोबर, अकराला, दुपारच्या जेवणानंतर लगेच, पाचला आणि रात्री साडेनऊला, आवराआवर झाल्यावर. गेल्या महिन्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.४ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. विसरू नये म्हणून ती गोळी मी न्याहारीच्या चहाबरोबरच घेते. झोप उशिरा लागते आणि मध्येच मोडते. मुलगी म्हणते की चहा हे विष आहे, आजच बंद कर. तिने माझ्यासाठी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलही आणून ठेवल्या आहेत. भाऊ म्हणतो की चहा हृदयाला चांगला असतो, पण दूध घातले की त्याचे सगळे गुण जातात. चहा चांगला की वाईट, हे मला एकदाचे सांगा. आणि दातांवर डाग पडले आहेत, त्यांचे काय करू?

उत्तर

स. न. वि. वि.

‘एकदाचे सांगा’ असे आपण लिहिले आहे, म्हणून निर्णय आधी देते आणि कारणे मागाहून. चहा सोडण्याची आवश्यकता नाही. लोहाची गोळी मात्र उद्यापासून चहाबरोबर घेऊ नका, जेवणानंतरचा, रात्रीचा आणि अकराचा कप टप्प्याटप्प्याने बंद करा, साखर उतरवत न्या आणि मुलीने आणलेल्या कॅप्सूलची बाटली उघडूही नका. पहाटेच्या कपाला कोणी हात लावायचा नाही. तो आहे तसाच राहू द्या.

आता कारणे. सुरुवात लोहापासून करते, कारण आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची बाब तीच आहे आणि आपण ती वाटेत सहज सांगून टाकल्यासारखी लिहिली आहे. चहाला जो तुरटपणा असतो तो त्यातील पॉलिफेनॉल या वर्गातील द्रव्यांमुळे येतो, ज्यांना आपण बोलताना सरसकट ‘टॅनिन’ म्हणतो. ही द्रव्ये पोटात लोहाला धरून ठेवतात, आणि असे बांधले गेलेले लोह आतड्याच्या अस्तरातून रक्तात न जाता शरीराबाहेर टाकले जाते. धान्ये, कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह या बंधनात सहज सापडते. मांसातील लोह वेगळ्या रूपात असल्यामुळे त्याला हा त्रास बराच कमी होतो. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पावाच्या जेवणाबरोबर साधा काळा चहा (आपण रोज वापरता त्या भुकटीच्या प्रकारचा) दिला असता त्या जेवणातील लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. चहात दूध घातल्याने या परिणामात फारसा फरक पडला नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले. म्हणजे ‘माझा चहा तर दुधाचा असतो’ ही पळवाट येथे उपयोगी पडत नाही.

याचा अर्थ असा, की महिनाभर आपण नियमाने गोळी घेतलीत, एक दिवसही चुकवली नाही, आणि तिच्यातला मोठा वाटा रोज त्याच कपाने परत नेला असण्याची शक्यता आहे. यात आपल्याला दोष देण्यासारखे काही नाही. गोळी कशाबरोबर घ्यायची नाही हे कोणी सांगितलेच नसेल, तर ते कळणार तरी कसे?

उपाय सोपा आहे. गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा तिच्यापासून दूर ठेवावा, गोळीच्या आधी दोन तास आणि नंतरही दोन तास. जेवणाच्या बाबतीत निदान एका तासाचे अंतर पाळावे. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या चहाचा लोहावरील परिणाम जेवणाबरोबर घेतलेल्या चहापेक्षा बराच सौम्य असतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आढळले आहे. याच्या उलट, क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते, त्यामुळे जेवणात एखादे आंबट फळ किंवा लिंबू असले तर चांगलेच. रिकाम्या पोटी गोळी घेतल्याने मळमळत असेल तर वेळ आणि पद्धत डॉक्टरांना विचारून बदलावी. स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये.

येथे एक गोष्ट मात्र ठासून सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. आपले १०.४ आहे. इतकी घट केवळ चहाने झाली असे मानून मोकळे होऊ नका. ज्याच्या आहारात लोह पुरेसे आहे आणि ज्याचा रक्तस्राव होत नाही, अशा निरोगी माणसाला चहाने सहसा रक्तक्षय होत नाही. जिथे साठा आधीच तळाला गेलेला असतो, तिथे चहा त्यात भर घालतो. आपल्या वयात पाळी अनियमित होते आणि पुष्कळदा अधिक जाते. तसे होत आहे का, किंवा पोटातून कुठे रक्त जात आहे का, हे डॉक्टरांनी तपासायला हवे, आणि त्यांनी विचारले नसेल तर आपण आपणहून सांगायला हवे. सगळा दोष कपावर ढकलला की खरे कारण मागे राहते, ही मला चहाच्या निंदेतली सर्वांत मोठी अडचण वाटते.

आता झोप. दिवसभर आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते पेशींवरील आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसले की झापड येऊ लागते. कॅफीन नेमके त्याच जागा अडवून ठेवते. थकवा तसाच असतो, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून कॅफीनचे प्रमाण निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात, पण या बाबतीत माणसामाणसांत फार मोठा फरक असतो. कोणाचे दोन तासांत उतरते, तर कोणाला आठ-नऊ तास लागतात. गर्भारपणात आणि काही संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ बराच लांबतो, तर धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तो आखडतो. म्हणून ‘मी रात्री चहा पिऊन लगेच झोपतो’ असे कोणी सांगितले तर ते खोटे असते असे नाही, पण त्याच्या यकृताचा अनुभव आपल्या उपयोगाचा नाही. सरासरीचाच हिशेब धरला, तरी रात्री साडेनऊच्या कपातील निम्मे कॅफीन अडीच वाजता आपल्या अंगात असते, आणि पाचच्या कपाचे काही उरले असेल तर तेही त्यात मिळते.

मात्रेचाही हिशेब करू. मध्यम आकाराच्या कपभर काळ्या चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. भुकटी किती घातली आणि ती किती वेळ उकळली यावर हा आकडा वर-खाली होतो. तेवढ्याच कॉफीत त्याच्या जवळपास दुप्पट असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढांनी दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतल्यास चिंतेचे कारण नाही. गर्भवती स्त्रियांसाठी ही मर्यादा २०० आहे. आपले सहा कप २४० ते ३०० च्या आसपास जातात. म्हणजे एकूण मात्रेत आपण मर्यादेच्या आत आहात आणि तरीही झोप बिघडली आहे, कारण शेवटचा कप रात्री येतो. मुलीला हा हिशेब अवश्य दाखवा. ‘विष’ हा शब्द तिने काळजीपोटी वापरला असेल, पण सहा कपांवर तो शोभत नाही.

चहातील कॅफीन कॉफीतल्यापेक्षा निराळे आणि सौम्य असते, अशीही एक समजूत आहे. तिचा उगम गमतीचा आहे. १८१९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीप रुंगे यांनी कॉफीतून कॅफीन वेगळे काढले. १८२७ साली चहातून असेच द्रव्य मिळाले तेव्हा ते नवे आहे असे समजून त्याला ‘थेइन’ असे स्वतंत्र नाव देण्यात आले, आणि पुढे काही वर्षांनी दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. नाव गेले, समजूत उरली. चहाची तरतरी कॉफीपेक्षा शांत वाटते हा अनेकांचा अनुभव मात्र खोटा नाही. एक तर कॅफीन कमी असते, आणि दुसरे म्हणजे चहाच्या पानात थिअनिन नावाचे अमिनो आम्ल असते. १९४९ साली जपानमध्ये ते हिरव्या चहातून वेगळे काढण्यात आले. कॅफीन आणि थिअनिन एकत्र दिल्यास लक्ष एकवटण्यास मदत होते, असे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. त्या प्रयोगांतील मात्रा पुष्कळदा कपभर चहापेक्षा अधिक असतात, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

भाऊ म्हणतात ते हृदयाचे प्रकरण पाहू. त्यांचे म्हणणे निराधार नाही. ब्रिटनमधील ४० ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे पाच लाख लोकांची माहिती अकरा वर्षे पाहून केलेला एक अभ्यास २०२२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बहुसंख्य लोक काळा चहा पिणारे होते. दिवसाला दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचे प्रमाण चहा न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळले, आणि चहात दूध किंवा साखर घातल्याने हे चित्र बदलले नाही. आकडा वाचून आनंद होतो. मलाही झाला, कारण हे उत्तर लिहिताना माझ्याही शेजारी कप आहे. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. चहा पिणारे आणि न पिणारे यांच्यात चहाखेरीजही अनेक फरक असतात, आणि हिशेबातून ते कितीही वजा केले तरी काही शिल्लक राहतातच. ज्यांना प्रकृतीमुळे चहा सोडावा लागला ते ‘न पिणाऱ्यां’त मोजले जातात, एवढेच उदाहरण पुरे आहे. नियंत्रित प्रयोगांतून जे दिसते ते याहून लहान आहे: नियमित चहाने रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडेसे उतरते. औषधाच्या जागी ठेवता येईल इतके ते नसते.

दुधाने गुण जातात का, यावर प्रयोगांचे एकमत नाही. २००७ साली बर्लिनमध्ये १६ स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात काळ्या चहाने रक्तवाहिन्या अधिक चांगल्या प्रसरण पावतात आणि त्यात दूध घातले की हा परिणाम नाहीसा होतो, असे आढळले; दुधातील केसीन हे प्रथिन चहातील द्रव्यांना बांधते, असे त्याचे कारण दिले गेले. दुसऱ्या काही प्रयोगांत मात्र दुधामुळे त्या द्रव्यांच्या शोषणात फरक पडल्याचे दिसले नाही. सोळा जणींवरून उभ्या जगाचा दुधाचा चहा कोरा करावा, असे मला वाटत नाही. आपल्याला दुधाचा आवडतो, तर दुधाचाच प्या.

चहाने अंगातले पाणी कमी होते, ही तक्रार आपण केलेली नाही, पण कोणी ना कोणी ती आपल्याला ऐकवणारच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ पुरुषांना काही दिवस चार ते सहा मोठे कप चहा आणि काही दिवस तेवढेच कोमट पाणी देऊन रक्त व लघवी तपासली गेली; दोन्हींत फरक आढळला नाही. कपातले पाणी हे पाणीच असते.

आता कॅप्सूलकडे वळते, आणि येथे मी थोडी कठोर होणार आहे. हिरवा, काळा, पांढरा आणि ऊलाँग हे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांचे असतात. (काळा चहा म्हणजे बिनदुधाचा नव्हे, पूर्ण ऑक्सिडीकरण झालेल्या पानांचा. आपण रोज वापरता ती भुकटी बहुतेक याच प्रकारातली असेल.) पाने तोडल्यावर लगेच उष्णता देऊन आतील विकरांचे (एन्झाइमांचे) काम थांबवले की चहा हिरवा राहतो आणि त्यातील कॅटेचिन नावाची द्रव्ये मूळ रूपात टिकतात, पाने चुरडून हवेशी संयोग होऊ दिला की त्याच कॅटेचिनांपासून थिआफ्लेविन आणि थिअरुबिजिन तयार होतात, ज्यांच्यामुळे काळ्या चहाला त्याचा तांबूस रंग आणि ठसठशीत चव येते. ज्यांना हिरवा चहा आवडतो त्यांनी तो जरूर घ्यावा. पण अर्काची कॅप्सूल ही चहा नव्हे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली स्पष्ट म्हटले आहे, की पूरक गोळ्यांतून ईजीसीजी हे प्रमुख कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे रक्तात दिसू लागतात. नेहमीप्रमाणे पाण्यात मुरवून प्यायलेला हिरवा चहा मात्र सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला जातो. आणि आपल्या बाबतीत तर एक आणखी विसंगती आहे: जो चहा मुलगी बंद करायला सांगते आहे, त्यातली लोहाला अडवणारी द्रव्येच या कॅप्सूलमध्ये दाटून भरलेली आहेत. हे तिला रागाने सांगू नका. तिचा हेतू चांगलाच आहे. फक्त जाहिरात तिच्या आधी पोहोचली.

साखरेचा भाग थोडक्यात, पण तो वगळता येत नाही. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे, आणि एका सपाट चमच्यात सुमारे चार ग्रॅम साखर. म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम, नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस अशी आहे, की वरून घातलेल्या आणि तत्सम मोकळ्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण उर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. दिवसभराचे इतर गोड बाजूला ठेवले, तरी आपण केवळ कपांच्या बळावर वरच्या मर्यादेला टेकला आहात. आपल्या चहात काही वाईट असेलच, तर ते येथे आहे आणि ते झाडावरून आलेले नाही. तीन कप आणि एकेक चमचा इतके केले, तर ४८ चे १२ होतात. एकदम बिनसाखरेचा घोट घेऊन तोंड वाकडे करण्याची गरज नाही. दर आठवड्याला पाव चमचा उतरवा. जिभेला ते कळतही नाही, आणि दोन महिन्यांनी जुना दोन चमच्यांचा कप कोणी दिलाच, तर तो आपल्यालाच घशाखाली उतरणार नाही.

‘अगदी वाफाळता’ हे शब्द मी पत्रात अधोरेखित करून ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये पिणे हे ‘माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात घातले, आणि येथे आक्षेप चहावर नसून उष्णतेवर आहे. अन्ननलिकेचे अस्तर रोज भाजले जाणे हे त्यामागचे कारण समजले जाते. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांचा पाठपुरावा करून २०१९ साली मांडलेल्या निष्कर्षांतही ६० अंश किंवा अधिक गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. थर्मामीटर आणण्याची आवश्यकता नाही. कप भरल्यावर चार-पाच मिनिटे थांबा, आणि पहिला घोट फुंकर न घालता घेता येत असेल तर तो पिण्याजोगा झाला असे समजा. शिवाय जीभ भाजली की चव कळत नाही, हेही खरेच.

चवीचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे सविस्तर लिहू द्या, कारण सहा कपांचे तीन करताना उरलेले तीन चांगले असणे फार महत्त्वाचे आहे. चहा कडू होतो तो बहुधा आपल्या हातून. पानातील कॅफीन आणि सुगंधी द्रव्ये गरम पाण्यात लवकर उतरतात, तुरट द्रव्ये मागून सावकाश येत राहतात. त्यामुळे पातेले जितका वेळ खळखळत राहील तितका सुवास उडून जातो आणि तुरटपणा साठत जातो. मग तो तुरटपणा झाकण्यासाठी साखर लागते. साखर कमी करण्याचा उत्तम मार्ग म्हणूनच चमच्यातून नव्हे, आधणातून जातो. पाणी उकळले की भुकटी घाला, आच बंद करा, वर झाकण ठेवा आणि तीन-चार मिनिटे मुरू द्या. दूध वेगळे गरम करून शेवटी मिसळा. दुधाबरोबरच उकळायचा असेल तर एक उकळी पुरे. दुधातील केसीन तुरट द्रव्यांना धरते म्हणूनच दुधाचा चहा जिभेला मऊ लागतो, आणि म्हणूनच दाट दुधात मंद भुकटी घातली तर कपात चहा सापडत नाही. गाळून उरलेला चहा तासाभराने पुन्हा उकळून पिऊ नये. त्याने कोणी आजारी पडते म्हणून मी हे सांगत नाही. तो चहा राहिलेला नसतो, एवढेच.

हिरव्या पानांना उकळते पाणी सोसत नाही; त्यांच्यासाठी ते ७० ते ८० अंशांपर्यंत निवू द्यावे आणि दोन मिनिटांत पाने काढून घ्यावीत. डबा घट्ट झाकणाचा, अपारदर्शक आणि मसाल्यांपासून दूर असावा, कारण चहाची भुकटी शेजारचा वास विलक्षण वेगाने उचलते. चहा कसा करावा यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली आलेले: १०० मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे. ते वाचून कोणी त्याप्रमाणे चहा करून पाहिला, तर त्याला तो बराच कडक वाटेल. ते मानक चहा पारखणाऱ्यांसाठी आहे. निरनिराळ्या चहांची तुलना एकाच पद्धतीने व्हावी आणि गुणदोष ठळक दिसावेत, हा त्याचा हेतू. आपल्याला रोज पहाटे गुणदोष शोधायचे नाहीत.

त्या पहाटेच्या कपाविषयी आपण एकच वाक्य लिहिले आहे, पण पत्रातील तेच वाक्य मी दोनदा वाचले. घर झोपलेले असताना स्वतःसाठी केलेला, कोणी मागितलेला नसलेला चहा. हातांना लागणारी कपाची ऊब. तो निवेपर्यंत काही न करता बसण्याची मुभा. यातले कॅफीनचे किती आणि निवांतपणाचे किती, हे वेगळे काढण्याचा खटाटोप मी करणार नाही. बाकीच्या पाच कपांकडे पाहा: एक न्याहारीच्या धांदलीत, एक कामात, एक जेवल्याबरोबर सवयीने, एक थकल्यामुळे आणि एक आवराआवर संपल्याची खूण म्हणून. मला शंका आहे की त्यांतले निदान तीन आपल्याला आठवतही नसतील. जो कप आठवत नाही तो सोडणे फारसे जड जात नाही.

तेव्हा दिवस असा लावून पाहा. साडेपाचचा कप आहे तिथेच, पण ओट्याजवळ उभ्याने नव्हे, खुर्चीत बसून. न्याहारी आठला आणि तिच्यानंतरचा चहा नऊला. अकराचा कप गेला. त्या जागी साडेअकराला लोहाची गोळी, पाण्याबरोबर. जेवण एकला, त्यानंतर चहा नाही. पाचचा कप चारला ओढा, आणि तोच दिवसाचा शेवटचा. रात्री साडेनऊला हात रिकामा राहवत नसेल तर नुसते गरम पाणी त्याच कपात घ्या. हसू नका, आठवडाभरात त्याची सवय होते. ज्या रात्री झोप तरीही लागणार नाही, त्या रात्री चहाला निर्दोष सोडा आणि डॉक्टरांशी बोला, कारण रक्तक्षय आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास होणारे बदल हे दोन्ही झोप मोडू शकतात.

हे सगळे एका दिवसात करू नका. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका सोमवारी चहा पूर्ण बंद करण्याचा निश्चय केला होता आणि मंगळवारी दुपारी डोक्याला पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडले होते. सवयीचे कॅफीन अचानक थांबले की साधारण १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, एक-दोन दिवसांत ते शिगेला पोहोचते आणि त्रास दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतो. चिडचिड आणि सुस्ती त्याच्या जोडीला असतात. म्हणून आधी फक्त जेवणानंतरचा कप सोडा. चार दिवसांनी रात्रीचा. आणखी चार दिवसांनी अकराचा. गोळीची वेळ मात्र उद्याच बदलायची आहे, त्यामुळे हे आठ-दहा दिवस अकराचा कप दहाला घ्या आणि गोळी बाराला.

पुढची रक्ततपासणी कधी करायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा आणि आजवर गोळी चहाबरोबर जात होती हे त्यांना आवर्जून सांगा. नाहीतर ‘गोळीने फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढून ते मात्रा वाढवतील किंवा औषध बदलतील, आणि गोळी बिचारी कधी पोहोचलीच नव्हती हे कोणालाच कळणार नाही. थायरॉइडची किंवा आणखी कोणती नेहमीची गोळी चालू असेल तर तिच्याविषयीही हेच विचारा. थायरॉइडच्या गोळीच्या शोषणातही चहा-कॉफीने अडथळा येतो आणि ती लोहापासूनही काही तास दूर ठेवावी लागते.

आपली,
सल्लागार

ता. क. दातांचे राहिले. ते डाग वरवरचे असतात, त्यांचा अर्थ दात किडले असा होत नाही. चहानंतर साध्या पाण्याने चूळ भरली तर ते कमी धरतात आणि धरलेले दंतवैद्याकडील सफाईत निघतात. राखुंडी किंवा खरखरीत पूड घेऊन घासत बसू नका, त्याने डागाआधी दाताचे आवरण जाते.